खंडाचा तुकडा आणि कसणाराचा हक्क : इंग्लंडमधील ‘ॲलॉटमेंट’ संस्थेचा इतिहास

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात ‘ॲलॉटमेंट’ या नावाने ओळखली जाणारी संस्था वरवर पाहता क्षुल्लक वाटते. स्थानिक मंडळाकडून वार्षिक खंडाने घेतलेला जमिनीचा लहानसा तुकडा, त्यात कुटुंबापुरता पिकवलेला भाजीपाला आणि एका कडेला अवजारे ठेवण्याची टपरी, एवढेच तिचे बाह्य स्वरूप. या तुकड्याचे रूढ माप दहा ‘रॉड’ म्हणजे ३०२½ चौरस यार्ड आहे. महाराष्ट्रातील मोजणीच्या भाषेत ते बरोबर अडीच गुंठे भरते. अडीच गुंठ्यांचा इतिहास लिहिण्याजोगा का ठरावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर त्या तुकड्याच्या आकारात नसून तो ज्या नात्याने कसला गेला त्या नात्यात आहे. ग्रामीण मजुराने वहिवाटीचा हक्क म्हणून जे गमावले, ते त्याला प्रथम दान म्हणून, पुढे अटींवर खंडाने आणि अखेरीस कायद्याच्या आधाराने परत मिळाले. मात्र परत मिळालेली वस्तू मूळची वस्तू नव्हती. या स्थित्यंतराला सुमारे शंभर वर्षे लागली. हक्काचे दानात रूपांतर होणे किती सुलभ आणि दानाचे पुन्हा हक्कात रूपांतर होणे किती दुष्कर असते, याचे ते एक बोलके उदाहरण आहे.

१

‘ॲलॉटमेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाटून दिलेला हिस्सा’ असा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावच्या खुल्या शेतांची आणि सामाईक जमिनींची जी कुंपणबंदी झाली, तिच्या निवाडापत्रांत हा शब्द येतो. सामाईक हक्काच्या मोबदल्यात प्रत्येक हक्कदाराला तोडून दिलेली स्वतंत्र जमीन ती त्याची ‘ॲलॉटमेंट’. म्हणजे आरंभी हा शब्द मालकीचा वाचक होता आणि जमीनदाराच्या शेकडो एकरांनाही तो लागू पडे. पुढे तोच शब्द मजुराने भाड्याने घेतलेल्या तुकड्यासाठी रूढ झाला. एकाच्या हिश्श्याला मालकी चिकटली, दुसऱ्याच्या हिश्श्याला खंड. शब्दाच्या अर्थातील हा पालट एका मोठ्या आर्थिक पालटाचा साक्षीदार आहे.

कुंपणबंदीची व्याप्ती आकड्यांवरून ध्यानात येते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कुंपणबंदीची विधेयके संमत केली आणि त्यांच्या कक्षेत सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा आला. या जमिनी ओसाड किंवा निर्वेध होत्या असे नव्हे. गावच्या गायरानात एखादी गाय अथवा चार मेंढ्या चारणे, सरपण गोळा करणे, जळणासाठी पीट खणणे, हे हक्क लहान शेतकऱ्यांना व अनेक झोपडीवासी मजुरांना वहिवाटीने होते. आयुक्तांपुढे हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा लागे. ज्याचा हक्क केवळ रिवाजावर उभा होता, त्याच्यापाशी कागद नसे. झोपडी भाड्याची असेल तर मोबदला झोपडीच्या मालकाला मिळे, तीत राहणाऱ्याला नव्हे. याच सुमारास, १७८८ साली, सुगीनंतर शेतात सरवा वेचण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क गरिबांना नाही असा निर्णय न्यायालयाने दिला. प्रत्यक्षात सरवा वेचणे पुढेही चालू राहिले. पण ते आता शेतमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

या घडामोडींचे मूल्यमापन करताना इतिहासकारांत एकवाक्यता नाही. जे. एल. व बार्बरा हॅमंड या दांपत्याने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुंपणबंदीकडे ग्रामीण गरिबांच्या लुबाडणुकीच्या दृष्टीने पाहिले. जे. डी. चेंबर्स यांनी १९५३ साली या मताला आव्हान देऊन असे दाखवण्याचा प्रयत्न केला, की कुंपणबंदीने खेड्यातील रोजगार घटला नाही, उलट पुष्कळ ठिकाणी वाढला. जे. एम. नीसन यांनी १९९३ साली सामाईक हक्कांचे प्रत्यक्ष मोल तपासून तराजूचे पारडे पुन्हा हॅमंड दांपत्याच्या बाजूला झुकवले. या वादात एक गोष्ट मात्र उभयपक्षी मान्य होण्यासारखी आहे. रोजगार वाढला असे धरले, तरी मजुराचे जीवन पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात केवळ मजुरीवर विसंबले. ज्याच्यापाशी गाय होती त्याला दुधासाठी पैसे लागत नव्हते. गाय गेल्यावर ते लागू लागले. ‘ॲलॉटमेंट’चा जन्म या पोकळीत झाला.

२

सामाईक जमीन गरिबांनी स्वतःच्या अधिकारात कसावी हा विचार इंग्लंडला अगदीच अपरिचित नव्हता. एप्रिल १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सहकारी यांनी सरी परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल येथे सामाईक जमीन खणून गाजरे, पार्सनिप व शेंगभाज्या लावल्या होत्या. पृथ्वी ही सर्वांची समाईक ठेव आहे, ही त्यांची भूमिका होती. तो प्रयोग आसपासच्या जमीनदारांनी वर्षभरातच मोडून काढला. दीडशे वर्षांनंतर जी चळवळ उभी राहिली, तिचा या परंपरेशी थेट संबंध जोडता येत नाही. तिचे प्रवर्तक जमीनदार आणि धर्मोपदेशक होते, आणि त्यांच्या चिंतेचा विषय समता हा नसून दरिद्री-साहाय्याचा वाढता कर हा होता.

१७९० नंतरच्या दशकात धान्याचे भाव भडकले आणि १७९५ पासून स्पीनहॅमलंडच्या धर्तीवर मजुरी व भाकरीची किंमत यांतील तूट करातून भरून देण्याची पद्धत दक्षिणेत पसरली. हा भार हलका करण्याचा एक उपाय म्हणून विल्टशरमधील लाँग न्यूंटन येथे थॉमस एस्टकोर्ट या जमीनदाराने १८०० च्या सुमारास मजुरांना लहान तुकडे खंडाने दिले. कुंपणबंदीचा एके काळचा मोठा पुरस्कर्ता आर्थर यंग यानेही १८०१ साली पडीक जमिनी गरिबांच्या निर्वाहासाठी उपयोगात आणाव्यात असे आग्रहाने मांडले. त्याच परगण्यातील ग्रेट सॉमरफर्ड येथे स्टीफन डेमेनब्रे या धर्मोपदेशकाच्या खटपटीने १८०९ साली कुंपणबंदीच्या व्यवस्थेतच गरिबांच्या बागांसाठी जमीन राखली गेली. इंग्लंडमधील सर्वांत जुने बागतुकडे म्हणून त्यांचा निर्देश केला जातो.

तथापि, हे प्रयत्न तुरळक होते. त्यांना चळवळीचे रूप आले ते १८३० च्या दंग्यांनंतर. त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडण्यास आरंभ केला आणि ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने धमकीची पत्रे दक्षिण इंग्लंडभर फिरली. सरकारने हा उठाव कठोरपणे दडपला. १९ जणांना फाशी झाली आणि साडेचारशेंहून अधिक मजूर सागरापार हद्दपार झाले. मजुराला जमिनीत काहीतरी हितसंबंध असल्याखेरीज खेड्यात शांतता नांदणार नाही, असे यानंतर अनेक जमीनदारांना वाटू लागले. १८३० साली स्थापन झालेल्या ‘लेबरर्स फ्रेंड सोसायटी’ या संस्थेने आपल्या मासिकातून या पद्धतीचा पद्धतशीर प्रचार केला. भयातून निघालेले औदार्य असे याचे वर्णन करता येईल; परंतु केवळ तेवढे म्हणून भागत नाही. कारण तुकड्यांची मागणी मजुरांकडून होती, आणि ती नेहमीच पुरवठ्याहून अधिक होती.

३

या काळातील खंडाच्या करारांचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. तुकडा साधारणतः पाव एकराच्या आत असे. नांगर न लावता केवळ फावड्याने मशागत करावी, ठरावीक प्रमाणात खत घालावे, लागोपाठ दोन वर्षे बटाटा लावू नये, पोटभाड्याने देऊ नये, या अटी शेतीविषयक होत्या. पण त्यांच्या जोडीला दुसऱ्या प्रकारच्या अटीही असत. रविवारी तुकड्यावर काम करू नये, चर्चमधील प्रार्थनेस नियमितपणे हजर राहावे, धन्याच्या परवानगीवाचून कामाच्या वेळात तुकड्यावर जाऊ नये, आणि एखाद्या अपराधाबद्दल शिक्षा झाल्यास तुकडा सोडावा. म्हणजे जमिनीबरोबर जमीन कसणाराचीही मशागत करण्याचा हेतू त्यात होता. खंडाचा दरही पुष्कळदा शेजारच्या शेतकऱ्याच्या एकरी दरापेक्षा अधिक असे. एवढे असूनही खंड थकण्याचे प्रमाण फार अल्प असल्याची साक्ष समकालीनांनी वारंवार दिली आहे.

हा विरोधाभास उलगडण्यासाठी मजुराच्या घरातील जमाखर्चाकडे वळले पाहिजे. कामावरून परतल्यावरचा संध्याकाळचा वेळ आणि बायकामुलांचे श्रम यांना खेड्यात बाजारभाव नव्हता. तुकड्यावर मात्र त्यांचे बटाटे होत. बटाट्याच्या सालींवर व निकृष्ट मालावर डुक्कर पोसले जाई, डुकराच्या खताने जमीन सुधारे, आणि हिवाळ्यात काम मिळेनासे झाले की हीच साठवण कामी येई. खंड देऊनही मजुराच्या पदरी जे पडे ते त्याच्या दृष्टीने मोलाचे होते, कारण ते कोणा धन्याच्या हातून आलेले नसे.

शेतकऱ्यांच्या विरोधाचे मूळही येथेच सापडते. मजूर आपले बळ स्वतःच्या तुकड्यासाठी राखून ठेवील, मालकाच्या कोठारातील बियाणे चोरील, आणि मुख्य म्हणजे मजुरीच्या घासाघिशीत ताठर होईल, अशी भीती त्यांना वाटे. हा विरोध शमवण्यासाठी चळवळीच्या पुरस्कर्त्यांनी तुकडा लहानच ठेवण्याचे तत्त्व पत्करले. १८४३ साली या विषयावर बसलेल्या पार्लमेंटच्या निवड समितीने शिफारस केली ती अशी, की तुकडा कुटुंबाला फावल्या वेळात कसता येईल एवढाच असावा आणि त्याचे उत्पन्न मजुरीला पूरक असावे, तिची जागा घेणारे नसावे. मजुराला आधार द्यावा, पण स्वातंत्र्य देऊ नये, असा या धोरणाचा इत्यर्थ होता. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ साली आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात नेमका यावरच आक्षेप घेतला. तुटपुंज्या मजुरीची भरपाई तुकड्याने होऊ लागली, तर मजुरी आणखी खाली जाईल आणि मजूर स्वतःच्या श्रमांनी मालकाचाच भार हलका करील, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. तात्त्विक दृष्ट्या हा युक्तिवाद भक्कम होता. परंतु हिवाळ्यात डोळ्यांपुढे बटाट्यांची रास असणाऱ्या मजुराला तो पटण्यासारखा नव्हता.

४

दानाकडून हक्काकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून १८४५ च्या सर्वसाधारण कुंपणबंदी कायद्याचा उल्लेख केला जातो. या कायद्याने आयुक्तांना भूमिहीन गरिबांसाठी ‘क्षेत्र-बागा’ राखून ठेवण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात काय घडले ते आकडे सांगतात. या कायद्यानुसार कुंपणबंद झालेल्या सुमारे ६ लाख १५ हजार एकरांपैकी अशा बागांच्या वाट्याला सुमारे २,२०० एकरच आले. १८६९ सालचे वार्षिक विधेयक तर ६,९१६ एकरांसंबंधी होते. त्यात सार्वजनिक क्रीडेसाठी ३ एकर आणि गरिबांच्या बागांसाठी ६ एकर राखले होते. या विधेयकाला हेन्री फॉसेट याने सभागृहात अडवले. केंब्रिजचा हा अंध अर्थशास्त्रज्ञ भारताच्या आर्थिक गाऱ्हाण्यांना पार्लमेंटमध्ये वाचा फोडीत असल्यामुळे ‘भारताचा सभासद’ म्हणून एतद्देशीय सुशिक्षितांना परिचित होता. इंग्लंडमधील गायरान आणि भारताची तिजोरी या दोहोंच्या बाबतीत त्याचा प्रश्न एकच होता : ज्यांना प्रतिनिधित्व नाही त्यांच्या मालमत्तेचा हिशेब कोण मागणार? फॉसेटच्या विरोधातून चौकशी झाली आणि १८७६ च्या सामाईक जमिनींच्या कायद्याने कुंपणबंदीचा ओघ जवळजवळ थांबला.

यापुढील बदल भूतदयेने घडून आला नाही, मताधिकाराने घडून आला. १८७२ साली जोसेफ आर्च याच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १८८४ च्या कायद्याने ग्रामीण भागातील कुटुंबप्रमुख पुरुषांना मत मिळाले. ‘तीन एकर आणि एक गाय’ ही घोषणा जेसी कॉलिंग्ज याच्या नावाशी निगडित आहे. जानेवारी १८८६ मध्ये त्याने मांडलेल्या उपसूचनेवर सॉलिसबरीचे मंत्रिमंडळ पराभूत झाले. अडीच गुंठ्यांच्या प्रश्नावर साम्राज्याचे सरकार पडावे, ही घटना त्या काळी विलक्षणच मानली गेली. सॉलिसबरी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्याच्याच पक्षाने १८८७ चा ॲलॉटमेंट कायदा केला. मागणी असल्यास आणि ती अन्य मार्गाने भागत नसल्यास स्थानिक मंडळाने जमीन मिळवून ती खंडाने द्यावी, हे तत्त्व त्याने प्रथम प्रस्थापित केले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने तुकडा सोडताना उभ्या पिकाची व जमिनीत घातलेल्या खताची भरपाई मागण्याचा अधिकार खंडकऱ्याला दिला.

ही दुसरी तरतूद पहिलीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. खंडाच्या जमिनीवर खत घालणारा माणूस एका अर्थी दुसऱ्याच्या मालमत्तेत भर घालीत असतो. वर्षानुवर्षे कसून काळीभोर केलेली माती एका नोटिशीने हातची जाणार असेल, तर उत्तम मशागत करणारालाच सर्वाधिक तोटा होतो. भरपाईच्या तत्त्वाने प्रथमच असे मान्य केले, की कसणाराचे श्रम मातीत मुरले तरी ते मालकाचे होत नाहीत.

१८९४ साली ग्रामपरिषदा स्थापन झाल्या आणि १९०८ च्या लघुक्षेत्र व ॲलॉटमेंट कायद्याने पूर्वीच्या तरतुदी एकत्रित केल्या. सहा नोंदलेल्या मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी निवेदन दिल्यास परिषदेने त्या मागणीचा विचार केलाच पाहिजे, आणि गरज सिद्ध झाल्यास तुकडे उपलब्ध करून दिलेच पाहिजेत, असे बंधन त्यात आहे. अंतर्गत लंडन वगळता इंग्लंडमध्ये हे बंधन अद्यापि कायम आहे. १८७३ मध्ये सुमारे २ लाख ४४ हजार तुकडे होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती संख्या सहा लाखांच्या आसपास पोहोचली होती.

५

युद्धांनी या संस्थेचे स्वरूप पालटले. १९१६ च्या अखेरीस सरकारने स्थानिक मंडळांना मालकाच्या संमतीवाचून पडीक जमिनी ताब्यात घेऊन लागवडीस देण्याचा अधिकार दिला. लगोलग १९१७ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांचे निर्बंधमुक्त युद्ध सुरू झाले आणि अन्नाची चणचण भासू लागली. मोकळ्या जागा, उद्याने, रेल्वेकडेच्या पट्ट्या लागवडीखाली आल्या आणि युद्धसमाप्तीपर्यंत तुकड्यांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. यापूर्वी तुकडा म्हणजे गरिबाचा तुकडा हे समीकरण होते. १९१९ च्या कायद्याने ‘श्रमिक वर्गापुरता’ हा निर्बंध काढून टाकला आणि कोणालाही तुकडा मागण्याची मोकळीक झाली. खेड्यातील मजुराची संस्था शहरातील नागरिकाची झाली.

युद्धकाळात सक्तीने घेतलेल्या जमिनी शांतताकाळात परत मागितल्या गेल्या, आणि खंडकऱ्याच्या स्थैर्याचा प्रश्न तीव्र झाला. १९२२ च्या कायद्याने तुकड्याची जी व्याख्या केली ती मननीय आहे. चाळीस रॉडपेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, अधिक नसलेली आणि खंडकऱ्याने मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगासाठी भाजीपाला किंवा फळे पिकवण्याकरिता कसलेली जमीन, अशी ती व्याख्या आहे. मजुराला स्वतंत्र होऊ न देण्यासाठी १८४३ मध्ये घातलेली आकाराची मर्यादा येथे संरक्षणाची मर्यादा बनली. याच कायद्याने सहा महिन्यांच्या नोटिशीची अट घातली. १९५० मध्ये ती बारा महिन्यांवर नेण्यात आली, आणि नोटिशीची मुदत पिके शेतात उभी असलेल्या काळात संपू नये अशीही योजना झाली. १९२५ च्या कायद्याने तुकड्यांसाठी संपादन केलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकण्यास परिषदांना मनाई केली. १९२६ च्या संपानंतर दक्षिण वेल्समधील बेकार खाणकामगारांना क्वेकर पंथीयांनी बियाणे व अवजारे पुरवली. मंदीच्या काळात हे कार्य देशभर विस्तारले. ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम सुरू झाली, लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकातही भाजी पिकू लागली, आणि तुकड्यांची संख्या पुन्हा सुमारे चौदा लाखांवर गेली.

युद्धोत्तर काळात समृद्धी आली आणि तुकडे ओस पडू लागले. बर्मिंगहॅम विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या अध्यक्षतेखाली १९६५ साली नेमलेल्या समितीने १९६९ च्या आपल्या अहवालात या संस्थेला दान आणि दारिद्र्य यांचा वास येतो तो घालवावा, आणि तिचे नाव बदलून ‘विरंगुळ्याची बाग’ असे ठेवावे, असे सुचवले. सरकारने या अहवालावर कायदा केला नाही, आणि खंडकऱ्यांनीही जुने नाव सोडले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तुकड्यांची संख्या तीन लाखांच्या आत आली. त्यानंतर मागणी पुन्हा वाढली आणि अनेक शहरांत प्रतीक्षायाद्या लागल्या. पण तोवर पुष्कळ जमिनींवर घरे उभी राहिली होती.

६

कायद्याने मिळालेला हा हक्क कितपत भक्कम आहे? वॉटफर्ड येथील फार्म टेरेस या १८९६ पासूनच्या तुकड्यांचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील जमीन विकासयोजनेसाठी देण्यास मंत्र्याने दिलेली संमती खंडकऱ्यांनी न्यायालयात आव्हानित केली. २०१४ मध्ये त्यांना यश मिळाले. परंतु नव्याने दिलेली संमती २०१६ मध्ये न्यायालयाने ग्राह्य धरली. म्हणजे कायद्याने खंडकऱ्याला कारणे मागण्याचा अधिकार दिला. कारणे पुरेशी ठरल्यास जमीन राखण्याचा दिला नाही.

दुसऱ्या बाजूने खंडकऱ्यावरील बंधनेही टिकून आहेत. १९०८ च्या कायद्यानुसार खंड चाळीस दिवस थकल्यास किंवा मशागतीच्या नियमांचा भंग झाल्यास परिषद एक महिन्याच्या नोटिशीने तुकडा काढून घेऊ शकते. चर्चची हजेरी, रविवारचे विरामबंधन, धन्याची परवानगी, या अटी काळाच्या ओघात गळून पडल्या. तण काढणे, वाटा मोकळ्या ठेवणे आणि जमीन लागवडीखाली राखणे, ही अट मात्र उरली. यात एक अर्थपूर्ण निवड झालेली दिसते. माणसाच्या वर्तनावर ठेवलेली पाळत गेली, पण जमिनीविषयीचे कर्तव्य राहिले. कसणे थांबले की हक्क संपतो, हे तत्त्व मालकी हक्काच्या आधुनिक कल्पनेत बसत नाही. मालक आपली जमीन खुशाल पडीक ठेवू शकतो. ते बसते वहिवाटीच्या जुन्या कल्पनेत, जेथे उपयोग हाच हक्काचा आधार असे.

यावरून ‘ॲलॉटमेंट’ संस्थेचे ऐतिहासिक स्थान निश्चित करता येते. गमावलेल्या गायरानाची ती भरपाई नव्हे, कारण गायरानावर खंड नव्हता आणि ते एकट्याचे नव्हते. ती केवळ जमीनदारांची युक्तीही नव्हे, कारण खंडकऱ्यांनी तिच्यातून प्रवर्तकांना अभिप्रेत नसलेले स्वावलंबन साधले आणि मताच्या बळावर तिला कायद्याचा आधार मिळवून दिला. मालकी आणि सामाईक वहिवाट यांच्यामधली ती एक तिसरी अवस्था आहे : जमीन सार्वजनिक, कसणूक व्यक्तिगत आणि हक्क श्रमाइतकाच दीर्घ. या अवस्थेचे सामर्थ्य आणि दौर्बल्य एकाच ठिकाणी आहे. जोपर्यंत कोणीतरी ती माती कसतो आहे आणि सहा माणसे मिळून लेखी मागणी करीत आहेत, तोपर्यंतच ती टिकते.